बेडिनी मोटर: चाक फिरतंय, पण हिशोब कोणी केलाय का?

चुंबकवेडा (सांगली)

नमस्कार मंडळी,

'फुकट वीज' असं नुसतं म्हटलं तरी दोनच प्रकारचे प्रतिसाद येतात. एक, 'मोठ्या कंपन्यांनी दाबून टाकलं.' दोन, 'शाळेत विज्ञान शिकला नाहीत का?' दोन्हींचा कंटाळा आलाय. हा धागा ज्यांनी खरोखर कॉइल गुंडाळली आहे किंवा गुंडाळायची आहे त्यांच्यासाठी. बाकीच्यांनीही यावं, पण मीटर घेऊन यावं.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. बेडिनी मोटर घेते त्यापेक्षा जास्त ऊर्जा देते, असं तिचे चाहते म्हणतात. जॉन बेडिनी हा अमेरिकेतल्या आयडाहोचा माणूस, मूळचा ऑडिओ अँप्लिफायर बनवणारा. २०१६ साली वारला. त्याच्या मोटरला २००२ मध्ये अमेरिकन पेटंट मिळालं (क्र. ६३९२३७०). तिची सगळ्यात सोपी आवृत्ती 'स्कूलगर्ल मोटर' नावाने ओळखली जाते, कारण ती एका शाळकरी मुलीने विज्ञान प्रदर्शनासाठी केली होती. जगभरातले हौशी लोक तीच बनवतात, मीही तीच बनवली.

सायकलचं चाक आडव्या आसावर बसवायचं. रिमवर फेराइटची चुंबकं, सगळ्यांचं उत्तर टोक बाहेर. समोर एक कॉइल. तिच्या गाभ्यात वेल्डिंग रॉडचे तुकडे, वरचं फ्लक्स झाडून काढलेले. त्यावर दोन तारा एकत्र गुंडाळायच्या. एक ट्रिगरची, दुसरी पॉवरची. चुंबक गाभ्यासमोरून सरकायला लागलं की ट्रिगरच्या तारेत व्होल्टेज येतं, २एन३०५५ ट्रान्झिस्टर चालू होतो, पॉवरच्या तारेतून करंट जातो आणि चाकाला धक्का बसतो. लगेच ट्रान्झिस्टर बंद. त्या क्षणी कॉइल जो झटका मारते तो १एन४००७ डायोडमधून दुसऱ्या बॅटरीत जातो. म्हणजे दोन बॅटऱ्या: एक चालवणारी, एक भरली जाणारी. ट्रान्झिस्टरवर आडवा एक छोटा निऑन दिवा, ट्रान्झिस्टर उडू नये म्हणून.

चाक मस्त फिरतं. भरणारी बॅटरी (यूपीएसची जुनी, १२ व्होल्ट ७ एएच, म्हणजे अँपिअर-तास) पटापट १३ च्या वर जाते. चालवणारी थोडी उतरते, पण बंद करून ठेवली की सकाळी पुन्हा जवळजवळ होती तिथे. आता हे पाहून कोणालाही वाटेल की काहीतरी जास्तीचं येतंय. प्रश्न एवढाच: येतंय की नाही हे घरच्या घरी कसं ठरवायचं?

मालवणी_गजाल

चाक फिरता ता खरा, पण पयली बॅटरी कोणी चार्ज केल्यान ता सांग मरे आधी.

ओहमकार

चांगला धागा. मुद्द्याला हात घालतो.

कॉइलच्या झटक्याबद्दल फार गूढ बोललं जातं, म्हणून आधी तोच सोडवू. समजा कॉइलचं इंडक्टन्स १० मिलिहेन्री आणि ट्रान्झिस्टर बंद होताना करंट १ अँपिअर. चुंबकीय क्षेत्रात साठलेली ऊर्जा ½ × ०.०१ × १² = ५ मिलिज्यूल. आता ती आली कुठून? १२ व्होल्ट लावल्यावर करंट शून्यापासून १ अँपिअरला पोचायला साधारण ०.८३ मिलिसेकंद लागतात. त्या वेळात सरासरी अर्धा अँपिअर. १२ × ०.५ × ०.०००८३ = ५ मिलिज्यूल. जेवढी घातली तेवढीच. तारेचा रेझिस्टन्स, गाभ्यातली उष्णता, ट्रान्झिस्टर आणि डायोडवर पडणारं व्होल्टेज हे सगळं अजून धरलेलंच नाही. आणि चाक फिरवायलाही याच पाच मिलिज्यूलमधून वाटा जातो.

मग झटका शेकडो व्होल्टचा कसा? कारण करंटला जायला वाट हवी असते. वाट मिळेपर्यंत व्होल्टेज चढत राहतं. बॅटरी जोडलेली असेल तर तिच्या व्होल्टेजच्या जरा वर जाऊन थांबतं, नसेल तर निऑन पेटतो, निऑनही नसेल तर २एन३०५५ मरतो. त्याची मर्यादा ६० व्होल्टची आहे. व्होल्टेज मोठं दिसलं म्हणून ऊर्जा मोठी होत नाही. जुन्या स्कूटरच्या इग्निशन कॉइलमध्ये सहा-बारा व्होल्टचे हजारो व्होल्ट होतात, तिथे कोणी फुकट ऊर्जा म्हणत नाही.

आता बॅटरी. तुमची भरणारी बॅटरी जुनी आहे म्हणालात. सल्फेट बसलेल्या प्लेटांचा अंतर्गत रेझिस्टन्स वाढलेला असतो, त्यामुळे थोडासा करंट दिला तरी टर्मिनलवर व्होल्टेज झटकन चढतं. नवी बॅटरी तशी चढणार नाही. म्हणून या प्रयोगात बॅटरी जितकी मेलेली तितकी 'भरते' छान! चार्जिंग काढून काही तास ठेवा आणि मग मोजा. लेड-ॲसिड पूर्ण भरलेली असेल तर आरामात असताना १२.७ च्या आसपास दाखवते, अर्धी असेल तर साधारण १२.२. म्हणजे अर्धी बॅटरी गेली तरी मीटरवर फरक अर्ध्याच व्होल्टचा.

विश्वंभर

ओहमकार साहेब, गणित मान्य. पण तुम्ही गृहीतच धरलंय की जे निघतं ते फक्त चुंबकीय क्षेत्रातलंच. बेडिनीचं म्हणणं वेगळं होतं. झटक्याच्या टोकाला जे येतं त्याला तो रेडियंट ऊर्जा म्हणायचा आणि ती बॅटरीच्या रसायनात काम करते. मीटरला ती दिसणारच नाही. आणि हे काही एकट्या बेडिनीचं नाही. जोसेफ न्यूमन या अमेरिकन शोधकाने असाच दावा केलेलं यंत्र पाहिलेले इंजिनियर त्याच्या बाजूने बोलले होते. आपल्याकडे परमहंस तिवारी, कैगा अणुवीज प्रकल्पाचे संचालक राहिलेले. त्यांनी रिॲक्शनलेस जनरेटर बनवला आणि दिलेल्यापेक्षा दुपटीहून जास्त वीज मिळते असा दावा केला. तो माणूस काही यूट्यूबवर लाइक गोळा करणारा नव्हता.

अनुराधा_क

विश्वंभर, तिवारींच्या शिक्षणाबद्दल किंवा हेतूबद्दल शंका नाही. पण पदावरून यंत्राची कार्यक्षमता ठरत नाही. त्यांचं यंत्र दावेदारांच्या वर्तुळाबाहेर कोणी बांधून, आउटपुटमधलीच वीज इनपुटला देऊन, ग्रिडची वायर काढून चालवून दाखवलं असतं तर आज आपण इथे बोलत नसतो, ते बाजारात असतं.

न्यूमनचं उदाहरण तुम्ही काढलंत ते बरं झालं, कारण इतकी नीट मोजलेली दुसरी केस मिळणं अवघड. मिसिसिपीतल्या ल्युसडेलचा माणूस. १९७९ साली पेटंटसाठी अर्ज केला, पेटंट ऑफिसने नाकारला, तो कोर्टात गेला. कोर्टाने तज्ज्ञ म्हणून नेमलेले विल्यम शायलर हे स्वतः माजी पेटंट आयुक्त, आणि त्यांनी न्यूमनच्या बाजूने मत दिलं! म्हणजे 'सगळे विरोधात होते' ही गोष्ट खरी नाही. मग कोर्टाच्या आदेशावरून यंत्र नॅशनल ब्यूरो ऑफ स्टँडर्ड्सकडे, म्हणजे अमेरिकन सरकारच्या मोजमाप संस्थेकडे गेलं. १९८६ चा अहवाल सांगतो की तपासलेल्या प्रत्येक स्थितीत इनपुट आउटपुटपेक्षा जास्त होतं, आणि कार्यक्षमता साधारण २६ ते ६७ टक्क्यांच्या दरम्यान.

मला यातलं ६७ महत्त्वाचं वाटतं. गॅरेजमध्ये बनवलेल्या अजस्र कॉइलच्या मोटरसाठी हा आकडा वाईट नाही. कोणी 'माझ्या मोटरची कार्यक्षमता ६७ टक्के' म्हणून धागा काढला तर आपण कौतुक करू. पण तेच 'शंभरच्या वर' म्हटल्यावर सगळी मेहनत मातीत जाते.

शेतातला_इंजिनियर

धागा मोटरचा आहे, तरी फ्लायव्हीलचं (जड फिरत्या चाकाचं) लिहितो, कारण आमच्याकडे बेडिनी कोणाला माहीत नाही, पण 'फ्लायव्हील जनरेटर' माहीत नसलेलं गाव सापडायचं नाही. शेतीपंपाला रात्रीची लाइट, त्यातही कधी येईल कधी जाईल, त्यामुळे गिऱ्हाईक तयारच असतं.

रचना अशी: १ एचपीची मोटर, पट्टा, मधे भलंमोठं लोखंडी चाक, परत पट्टा, पुढे ५ केव्हीएचा अल्टरनेटर. अल्टरनेटरमधून एक वायर परत मोटरला. सांगणारा म्हणतो, एकदा चाकाने वेग घेतला की मेन लाइन काढा, आयुष्यभर चालेल. शेजारच्या तालुक्यात एकाने असलं यंत्र विकत घेतलं. बघायला गेलो तर वर दोन बल्ब पेटलेले आणि मेनचा प्लग बोर्डात. 'काढा की' म्हटलं, तर 'अजून चाक चार्ज व्हायचंय'. विकणारा त्यानंतर फोन उचलत नाही.

चाक किती 'चार्ज' होतं ते मी काढलं. ५० किलोची भरीव चकती, ६० सेंटिमीटर व्यासाची, मिनिटाला १५०० फेरे. साठलेली ऊर्जा येते साधारण २७,७०० ज्यूल, म्हणजे जेमतेम ७.७ वॅट-तास. १००० वॅटचा हीटर लावला तर २८ सेकंद. ५ किलोवॅटला साडेपाच सेकंद. बस. आणि ही सुद्धा आधी मेनमधूनच भरलेली.

अल्टरनेटरच्या प्लेटवर ५ केव्हीए लिहिलंय म्हणजे तो तेवढं सोसू शकतो. तेवढं देण्यासाठी आसावर तेवढी ताकद लागते, आणि १ एचपी म्हणजे ७४६ वॅट. हे इतकं साधं असूनही माणसं फसतात, कारण विकणारा चाक हाताने ढकलून दाखवतो, आणि ५० किलोचं चाक बराच वेळ फिरतं. ते बघताना खरंच भारी वाटतं, मलाही वाटलं.

मालवणी_गजाल

+१. लायटीचा बिल बघून माणूस कशारय विश्वास ठेवता.

डब्लिनकर

डब्लिनमधून लिहितोय, म्हणून स्टेऑर्नची गोष्ट सांगायचा हक्क माझा :)

२००६ च्या ऑगस्टमध्ये या इथल्या कंपनीने 'द इकॉनॉमिस्ट'मध्ये पानभर जाहिरात देऊन शास्त्रज्ञांना आव्हान दिलं: आमच्याकडे चुंबकांवर चालणारं, ऊर्जा निर्माण करणारं तंत्र आहे, तपासा. २००७ च्या जुलैमध्ये लंडनच्या एका गॅलरीत प्रात्यक्षिक ठेवलं आणि ते रद्द झालं. कारण दिलं की दिव्यांच्या उष्णतेने यंत्र बिघडलं. २००९ च्या जूनमध्ये त्यांनीच निवडलेल्या बावीस जणांच्या ज्युरीने एकमताने सांगितलं की ऊर्जानिर्मिती दाखवता आलेली नाही. इथे दुसरी कंपनी थांबली असती. यांनी त्याच वर्षी डिसेंबरमध्ये इथल्या वॉटरवेज व्हिजिटर सेंटरमध्ये 'ऑर्बो' मांडली, लोक काचेतून बघतायत, इंटरनेटवर थेट प्रक्षेपण. आणि त्या मोटरमध्ये काय होतं? एक रिचार्जेबल बॅटरी. कंपनी म्हणे, मोटर ती बॅटरी भरत राहते.

चुंबकवेडा, ओळखीचं वाटतंय ना?

त्या काळात जगभरच्या हौशी लोकांनी ऑर्बोच्या प्रतिकृती बनवल्या, तुमच्यासारख्याच, घरच्या टेबलावर. चाकं सगळ्यांची फिरली. बॅटरीशिवाय फिरत राहिलेलं एकही चाक मला आजवर दिसलेलं नाही. कंपनीने पुढे फोन चार्ज करणारा डबा काढला, मग २०१६ च्या सुमारास गाशा गुंडाळला. गुंतवणूकदारांचे कोट्यवधी युरो गेले.

विश्वंभर

ज्युरी, ब्यूरो, कोर्ट. सगळ्या संस्थाच. पेटंट तर मिळालंच ना बेडिनीला? तेही संस्थेनेच दिलं.

कलम_तीन

व्यवसायाने पेटंटचं काम करते म्हणून एवढंच. पेटंट म्हणजे चाचणीचा दाखला नव्हे. बेडिनीचं पेटंट मोटर-जनरेटरच्या एका मांडणीला आहे. अशी मांडणी नवी आहे इतकं कार्यालय मान्य करतं. ती शंभर टक्क्यांच्या वर चालते असं कोणी तपासून लिहून दिलेलं नाही. अमेरिकन पेटंट ऑफिस सहसा चालू नमुना मागत नाही, पण शाश्वत गतीच्या यंत्रासाठी मागू शकतं. आपल्या १९७० च्या पेटंट कायद्यात तर कलम ३ च्या पहिल्याच उपकलमात निसर्गनियमांच्या उघड विरुद्ध असलेला दावा 'शोध' मानायचाच नाही असं आहे. पॅरिसच्या विज्ञान अकादमीने १७७५ मध्येच असले प्रस्ताव तपासणं बंद केलं होतं.

'पेटंटेड' असा शिक्का पाहून कोणी किट घेत असेल तर त्याला हे सांगा.

अनुराधा_क

अवांतर, पण सांगितल्याशिवाय राहवत नाही. स्वतःहून फिरणाऱ्या चाकाची कल्पना मांडणाऱ्यांत आपला माणूस फार वर आहे. भास्कराचार्यांनी 'सिद्धान्तशिरोमणी'मध्ये (११५०) स्वयंवह यंत्र दिलंय: हलक्या लाकडाचं चाक, पोकळ आरे, आऱ्यांत अर्धा पारा भरून तोंडं बंद. पारा एका बाजूला वाहतो, ती बाजू जड होते, चाक फिरतं. त्याआधी ब्रह्मगुप्ताकडेही अशी कल्पना सापडते. चाळीसगावजवळच्या पाटणला भास्कराचार्यांच्या नातवाने मठ स्थापल्याचा शिलालेख आहे. तिकडे गेलात तर जरूर बघा.

ते चाक फिरत नाही. एका बाजूला पारा आसापासून लांब असतो हे खरं, पण दुसऱ्या बाजूला जास्त आऱ्यांतला पारा असतो आणि दोन्ही बाजू तुल्य होतात. चुंबकांच्या चाकाचंही हेच. एका ठिकाणी चुंबक जितकं ओढून घेतं तितकंच सोडताना परत मागतं. ज्यांनी नुसत्या चुंबकांची मोटर करून पाहिलीय त्यांना ती अडणारी जागा माहीत असते. चुंबकं हलवून ती दुसरीकडे सरकते, जात नाही. माणूस महिनोन्महिने चुंबकांचा कोन बदलत बसतो. हा छंद सुटत नाही तो त्यामुळेच, कारण प्रत्येक वेळी वाटतं की अजून थोडंसंच राहिलंय.

चुंबकवेडा

सगळ्यांचे आभार. अनुराधाताई, ती 'अडणारी जागा' वाचून हसलो, आमच्या गच्चीवर तिचं वास्तव्य आहे.

विश्वंभर, तुमच्या एका वाक्यावर मी अडलोय. मीटरला दिसत नाही, ठीक. पण बॅटरीला तर दिसायला हवी? बॅटरीत जास्तीची ऊर्जा गेली असेल तर तिच्यावर बल्ब जास्त वेळ पेटला पाहिजे. ओहमकार, अशी चाचणी कशी मांडायची ते सांगता का? आणि व्हिडिओत लोक म्हणतात 'तीन दिवस चाललं', त्याचं काय?

ओहमकार

तीन दिवसांचं आधी. १२ व्होल्ट ७ एएच म्हणजे ८४ वॅट-तास. चांगल्या बेअरिंगवरचं रिकामं चाक नीट जुळवलं तर एक वॅटच्या आत फिरतं. म्हणजे तीन दिवस उलटून चौथ्या दिवसातही चालायला हवं, फुकट काही न येता. मोटर चालू ठेवून तास मोजणं ही चाचणीच नव्हे.

खरी चाचणी दोन प्रकारची.

पहिली झटपट. चालवणाऱ्या बॅटरीच्या जागी मोठा कपॅसिटर लावा. कारच्या ॲम्प्लिफायरसाठी १ फॅरडचे मिळतात. १२ व्होल्टला भरला तर त्यात फक्त ७२ ज्यूल. १२ वरून ८ व्होल्टपर्यंत उतरताना ४० ज्यूल मिळतात. तुमची मोटर ०.३ अँपिअर, म्हणजे ३.६ वॅट घेत असेल तर अकरा-बारा सेकंदांत खेळ खलास. झटका त्याच कपॅसिटरमध्ये परत आणायची सोय करा. जास्तीचं काही येत असेल तर व्होल्टेज टिकेल किंवा चढेल. कपॅसिटरला सल्फेट नाही, रसायन नाही, रात्रभर आराम करून 'परत येणं' नाही. म्हणून मला तो आवडतो.

विश्वंभर

आणि म्हणूनच मी म्हणणार की ती चाचणी चालणार नाही. ऊर्जा बॅटरीच्या रसायनात काम करते हाच तर दावा आहे. कपॅसिटरमध्ये रसायन नाही हे तुम्हीच म्हणालात.

ओहमकार

मान्य, म्हणून दुसरी. दोन नव्या बॅटऱ्या, एकाच बॅचच्या. दोन्ही चांगल्या चार्जरवर पूर्ण भरा, रात्रभर ठेवा. मग प्रत्येकीवर मोटारसायकलच्या इंडिकेटरचा १२ व्होल्ट १० वॅटचा बल्ब लावून १०.५ व्होल्टपर्यंत किती वेळ पेटतो ते नोंदवा. हा तुमचा पाया. त्याखाली बॅटरी उतरवू नका, खराब होते.

नंतर चालवणारी पूर्ण भरा. दुसरी रिकामीच राहू द्या, बल्बने १०.५ वर आणलेली. मोटर चालवा, चालवणारी १०.५ ला येईपर्यंत. मग दुसरीवर तोच बल्ब. ती पहिलीच्या मूळ वेळेपेक्षा जास्त पेटली तर मी स्वतः सांगलीला येऊन तुमची आणि विश्वंभर यांची माफी मागेन, आणि पेढे माझ्याकडून. तिसऱ्या हिश्श्याइतकी पेटली तरी वाईट वाटून घेऊ नका. ती हौशी मोटरसाठी ठीक आहे.

इनपुट मोजायचंच असेल तर साधा मल्टिमीटर थेट मालिकेत लावू नका. झटक्यांच्या करंटमध्ये स्वस्त मीटर काहीही दाखवतो, आणि 'शंभरच्या वर'चे कित्येक आकडे तिथेच जन्मतात. बॅटरीलगत मोठा इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर आणि एक चोक (करंटचे चढउतार अडवणारी कॉइल) लावा, मीटर त्यांच्या अलीकडे, बॅटरीच्या बाजूला. तिथे करंट सपाट असतो.

विश्वंभर

ही चाचणी मला मान्य आहे. फक्त एक अट: मोटर चार-पाच वेळा चालवून बॅटऱ्या 'रुळवून' घ्याव्यात, मग मोजावं. बेडिनीची माणसं तसंच सांगतात.

अनुराधा_क

हरकत नाही, पण पायाची बल्ब चाचणी रुळवण्याच्या आधीही करा आणि नंतरही. जुन्या बॅटरीला झटक्यांनी चार्ज केलं की सल्फेट थोडं सुटून तिची क्षमता काही अंशी परत येऊ शकते. ते खरंच होत असेल, पण तो बॅटरी-दुरुस्तीचा मामला आहे, ऊर्जेचा नाही. दोन्ही गोष्टी एका आकड्यात मिसळल्या की पुढची दहा वर्षं वाद.

शेतातला_इंजिनियर

फोटो टाका हो चाकाचे. आणि १ फॅरडचा कपॅसिटर कुठे मिळतो?

डब्लिनकर

पुण्यात असताना मी तपकीर गल्लीत घेतला होता. मुंबईकरांना लॅमिंग्टन रोड. सांगलीत कारच्या साउंड सिस्टिमवाल्याकडे विचारा, जुना काढलेला स्वस्तात मिळतो.

चुंबकवेडा

ठरलं. बॅटऱ्या या शनिवारी आणतो. रुळवण्याची अट विश्वंभर यांच्या म्हणण्याप्रमाणे, बल्बची नोंद अनुराधाताईंच्या म्हणण्याप्रमाणे. व्होल्टेज दर दहा मिनिटांनी वहीत लिहून तक्ता इथेच टाकीन, जो येईल तो.

ओहमकार

दोन सूचना. बल्ब सगळ्या चाचण्यांना तोच वापरा, मधेच बदलू नका. आणि भरणारी बॅटरी काढायच्या आधी चाक थांबवा. चालू चाकात वायर सुटली तर निऑन ट्रान्झिस्टरला वाचवेलही, पण तुमचं बोट त्या टर्मिनलवर असेल तर त्याला कोणी वाचवणार नाही.